मशीनले हात

साहेब, तुम्ही शाळेला मशीन दिली, पण मशीनच्या आधी भीती दिली. मांडवात उभं राहून तुम्ही म्हणालात, नवं यंत्र, नवं शिक्षण, आता पोरं स्वतः करून शिकतील. टाळ्या घेतल्यात. आणि खोक्यात जी चिठ्ठी टाकलीत तिच्यात लिहिलंत की विद्यार्थ्यांनी हात लावू नये, बिघाड झाल्यास मशीन ज्याच्या ताब्यात तो जबाबदार. दोन्ही गोष्टी तुमच्याच. अशी चिठ्ठी वाचल्यावर हेडमास्तर काय करतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं आता सांगू नका. केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत तुमचे.

नागपुरातल्या त्या सरकारी शाळेच्या गोपाळराव हेडमास्तरांनी जे करायचं तेच केलं. टेपरेकॉर्डर आलमारीत ठेवला आणि आलमारीला कुलूप घातलं. घरून बायकोकडून मखमलीचं कव्हर शिवून आणलं, कडेला जरीची पट्टी लावलेलं. पंधरा ऑगस्टला कव्हर निघायचं, देशभक्तीचं गाणं वाजायचं, पोरं हाताची घडी घालून ऐकायची आणि कव्हर परत चढायचं. त्या आलमारीसमोरून जाताना पोरं आवाज बारीक करायची. देवळासमोरून जातात तशी.

गोपाळराव वाईट माणूस नव्हते. पेन्शनीला टेकलेले, घाबरट, देवभोळे. मशीनवर त्यांचा खरोखर जीव होता. तिथंच तर सगळा घोटाळा झाला.

मग सत्त्याहत्तर साली सातवीच्या वर्गावर चारुशीला रामटेके आली. राहणार इंदोऱ्याची. बाप नव्हता, आई भीमाबाई विड्या वळायची. नेमणूक तात्पुरती होती. वर्षाअखेर तुमचा शेरा बरा पडला तर पक्की होणार, नाही तर घरी. पहिल्याच आठवड्यात तिनं आलमारीकडे बोट केलं.

"सर, ही वापरायची कधी?"

"वापरतो न बाई. पंधरा ऑगस्टले वापरतो."

"ते आपण वापरतो. पोरांनी कधी वापरायची?"

गोपाळरावांनी चिठ्ठी काढून दाखवली. तिनं ती वाचली आणि म्हणाली, "मग मी जबाबदार. तसं लिहून देते, चाबी माझ्याजवळ द्या."

ती काही मोठी धीराची होती असं नाही. लिहून दिलं त्या दिवसापासून शाळा सुटताना ती आलमारीचं कुलूप दोनदा ओढून पाहायची. पाट्या टाकणारी मास्तरकी तिनं स्वतः सोसली होती, घोकून पास झाली होती, आणि डी.एड. झाल्यावर तिला कळलं होतं की आपल्याला पाठ खूप आहे आणि येत काहीच नाही. तो राग तिच्या भीतीपेक्षा जरासा मोठा होता, एवढंच.

शुक्रवारचे शेवटचे दोन तास तिनं मशीनला दिले. त्या दिवशी वर्गातल्या कुणाच्या तरी घरचं माणूस यायचं. संत्रा मार्केटात खोकी भरणारा काका, कळमेश्वरला कारखान्यात जाणारा भाऊ, बाळंतपणं करणारी आजी. प्रश्न पोरं विचारायची. मशीनही पोरंच चालवायची, एक जण बटणावर, एक जण माइक धरून, दर शुक्रवारी पाळी बदलून. मग टेप परत लावायची. ज्याला जिथं कळलं नाही त्यानं "थांबव" म्हणायचं. बटणवाला थांबवायचा आणि त्या एका वाक्यावर वर्गात जे भांडण लागायचं ते लागायचं. बाई कोपऱ्यात स्टुलावर. उत्तर माहीत असलं तरी सांगायची नाही. बहुतेक वेळा तिलाही माहीत नसायचं.

दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी बटणावर जयवंता होती. गोळीबार चौकाजवळच्या कोष्ट्याची पोरगी, वर्गात मागच्या बाकावर बसणारी. तिचीच आई, तुळसाबाई, पाहुणी म्हणून आली होती. खुर्चीवर बसायला तयार नव्हती, पोरांनी धरून बसवली.

"मावशी, मागावर बसून कंबर दुखत नाही का तुमची?" रविंद्रनं विचारलं. वर्गातला सगळ्यात आगाऊ पोरगा.

"दुखते नं. तुही मायही चुलीजवळ बसते, तिले इचारलं का कधी?"

वर्ग खदखदला. रविंद्रचे कान लाल झाले.

तुळसाबाईनं ताणा कसा लावतात, खळ कशी देतात ते सांगितलं, आणि लुगड्याच्या काठात किती धागे असतात तो आकडाही ठोकून दिला. टेप परत वाजली. आकडा आला तशी जयवंतानं स्वतःच बटण दाबलं.

"बाई, मायचं बोलनं आन् लुगडं जमून नाही राहिलं."

"काहून?"

"मोजून पाहा नं."

चार पोरी तुळसाबाईच्या पदराला भिडल्या, सुई घेऊन धागे मोजायला लागल्या. आकडा खरंच जमेना. तुळसाबाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. "बाप्पा बाप्पा, पोट्ट्या तं लुगडंच उसवून राहिल्या! अवं, सासरा सांगे तेच सांगितलं म्या. मोजलं कोनी?"

जाताना तिनं पदराची गाठ सोडून सगळ्यांना गूळ-फुटाणे दिले. पोरांनी खाल्ले. मशीनचं झाकण लावून आलमारीत ठेवण्याचं काम जयवंताचं. तिनं नळावर हात धुतले, फ्रॉकला पुसले, झाकण लावलं, मशीन ठेवली.

हे गूळ-फुटाणे पुढे फार महाग पडले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोपाळराव वर्गाच्या दारात आले. "बाई, उद्या पूजा आहे शाळेची. शिवणयंत्र, पेटी, पृथ्वीचा गोल, सगळं मांडतो आपण. आलमारीची चाबी धोंडबाजवळ देऊन ठेवा. तुम्ही तं येणार नाही, तुमचं तिकडे राहते."

बोलण्यात वाकडेपणा नव्हता. दसऱ्याला इंदोरा पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीकडे निघतो हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. चारुशीलाच्या जिभेवर आलं होतं, सर, पूजा करा, पण मशीन कोरडी ठेवा. आलं आणि तिथंच चिकटलं. आपण असं बोलायचं? आपण? ते काय समजतील? तिनं चाबी धोंडबा शिपायाच्या हातात दिली आणि घरी गेली.

दसऱ्यानंतर लगेच सहामाही परीक्षा आल्या. मशीनला कुणी हात लावला नाही. परीक्षा संपल्या, दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टी संपून शाळा उघडली आणि पहिला शुक्रवार आला. रविंद्रनं मशीन टेबलावर आणली, झाकण काढलं आणि मागं सरकला.

"बाई, मुंग्या!"

काळ्या मुंग्यांची रांग मशीनच्या पोटात जात होती आणि दुसऱ्या फटीतून बाहेर येत होती. तरी रविंद्रनं बटण दाबलं. मशीन घरघरली, चकरी जागची हलली नाही, आणि रबर जळाल्याचा वास आला. चारुशीलानं झडप घालून वायर ओढली.

वास गोपाळरावांच्या खोलीपर्यंत गेला असावा. ते आले, मशीन पाहिली आणि तिथंच बाकावर बसले. घरात कुणी आजारी पडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"सोमवारी साहेब येऊन राहिले," ते म्हणाले. "हेच पाहाले येऊन राहिले, बाई. नवं शिक्षण. काय दाखवू मी त्याहिले? मुंग्या दाखवू?"

त्यांनी वर्गाकडे मान वळवली.

"शेवटी कोणाची पाळी होती?"

जयवंता उभी राहिली. "माही, सर."

"तुझ्या आईनं गूळ वाटला होता त्या दिवशी. वर्गात, मशीनजवळ. खरं की खोटं?"

"खरं. पन म्या हात धुतले होते, सर. नळावर."

"मग मुंग्या काय आभाळातून पडल्या?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बाई, मी तुम्हाले म्हटलं होतं. पोरांचे हात म्हणजे पोरांचे हात. आता साहेब म्हणतील हिचं नाव कापा, तं मी काय म्हणणार आहे त्यांच्यापुढे?"

ते कुलूप आणायला खोलीत गेले. चारुशीलाच्या डोक्यात तेवढ्या वेळात गूळच फिरत होता. पडला असेल खडा? आपण पाहिलं का नाही? आपण स्टुलावर बसून हसत होतो. ती मशीनवर वाकली. टेप जिथून घासत जाते त्या फटीत लाल काहीतरी थिजलं होतं. गंज वाटला. तिनं नख घातलं, बोट नाकाजवळ नेलं. खवट खोबऱ्याचा वास.

शेजारी जयवंता वाकली होती. तिनंही पाहिलं.

"बाई," ती कुजबुजली, "कुंकू हाय हे."

"चूप," चारुशीला म्हणाली.

शुक्रवारी त्या वर्गात कुणी कुणाला चूप म्हणत नसे. जयवंतानं बाईंकडे पाहिलं आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. गोपाळरावांनी मशीन आलमारीत ठेवली, आपलं कुलूप घातलं, चाबी आपल्या खिशात टाकली. "सोमवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही. बाई, तुम्हीसुद्धा."

शाळा सुटल्यावर तिनं धोंडबाला घंटेजवळ गाठलं.

"धोंडबा, दसऱ्याले मशीनचं काय केलं?"

"मले इचारू नोका बाई. माही नोकरी राहिलीच किती."

"मी कोणाले सांगत नाही. मले माहीत तं पाहिजे."

धोंडबानं घंटेच्या लोखंडावरची धूळ पुसल्यासारखं केलं. "थाळी म्या धरली होती. हेडसर म्हनले, मशीनचं तोंड झाकलेलं कसं? उघडं. म्या उघडलं. हळद-कुंकू वाहिलं त्याहिनं, झेंडू ठेवला, नारळ फोडला. आन् पानी शिंपडलं."

"मशीनवर?"

"थोडंसंच, बाई. मंग उरलं तं धार धरली."

"धार?"

"लहानशी," धोंडबा म्हणाला. "लय मनापासून धरली हो त्याहिनं. डोळे मिटून."

शनिवारी सकाळी तुळसाबाई शाळेच्या फाटकाशी उभी होती, हातात पिशवी, पायात चप्पल नाही. "बाई, म्या गूळ देला म्हनून पोट्टीचं नाव कापून राहिले का वं? मी हेडसराच्या पाया पडतो. चूक माही हाय, तिची नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिचा बाप म्हनते, बरंच झालं. मागासाठी सुताच्या कांड्या भराले बसव म्हनते. एकदा कांड्या भराले बसली नं बाई, तं पोट्टी उठत नाही तिथून. मीच नाही उठली."

चारुशीला तिला काही सांगू शकली असती. चार शब्दांचं काम होतं. तिनं "पाहते मी" एवढंच म्हटलं आणि आत गेली, आणि स्वतःची लाज वाटून दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नाही.

आता कुणी म्हणेल, सांगून टाकायचं होतं. म्हणणं सोपं आहे. रविवारी दुपारी इंदोऱ्याच्या त्या ओसरीवर बसून पाहावं म्हणजे कळतं. भीमाबाई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती. चारुशीलानं सगळं सांगितलं. भीमाबाईचा हात थांबला नाही.

"तू म्हनशीन, नारळाच्या पान्यानं मशीन मेली."

"मग? तसंच झालं आहे."

"तू काय म्हनून राहिली ते कोनी आयकनार नाही, बाई. कोन म्हनून राहिली ते आयकतीन. रामटेके म्हनून राहिली. इंदोऱ्याची. पूजेनं मशीन बिघडली म्हनते. झालं. मशीन राहिली बाजूले."

"मी पूजेले काही म्हणतच नाही, आई. पाण्याले म्हणते."

"तुले मालूम हाय, मले मालूम हाय. त्याहिले पाहिजेच कुठी?" भीमाबाईनं विडीला दोरा गुंडाळला, दातानं तोडला. "छप्पन साली तुले कडेवर घेऊन गेली मी. आपले देव सोडले. दुसऱ्याच्या देवाच्या वाटेले गेलो नाही कधी. वस्तीवर अजून दगड आले नाही, पोरं झोपतात रात्री, ती झोपू दे. नोकरी पक्की होऊ दे. मंग बोल काय बोलाचं ते."

चारुशीलानं पुढची पानं उचलून सुपाजवळ ठेवली. भीमाबाईनं दोन विड्या वळल्या. तिसरी वळता वळता पान फाटलं.

"मंग त्या कोष्ट्याच्या पोट्टीचं काय होईन?" भीमाबाईनं विचारलं. विचारलं ते स्वतःलाच. दुसरं पान घेतलं.

सोमवारी चारुशीला रोजच्यापेक्षा लवकर निघाली. शाळेत जाताना तिनं कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून स्क्रू काढायचा एक पेचकस मागून घेतला आणि पिशवीत टाकला. वापरीन असं काही तिच्या मनात पक्कं नव्हतं. हात रिकामे नको वाटत होते.

साहेब, तुमची जीप बाराच्या सुमाराला आली. गोपाळरावांनी पोरांना सकाळपासून हाताची घडी घालून बसवलं होतं. तुम्ही पंख्याखालची खुर्ची घेतली, चहा घेतला, आणि म्हणालात, "हं, दाखवा तुमचं नवं शिक्षण." गोपाळरावांनी कव्हर काढलं. मुंग्या तोवर गेल्या होत्या, पण मशीन मेलेलीच होती. त्यांनी खाली मान घालून सांगितलं, मुलांच्या हाताळणीत बिघाड झाला, एका मुलीच्या आईनं वर्गात गूळ वाटला होता.

"मुलांच्या हाताळणीत?" तुम्ही भुवया चढवल्या. "खोक्यात सूचना होती. वाचली नाही कुणी?"

"मी वाचली होती," चारुशीला म्हणाली. "जबाबदारी माझी आहे. तसं लिहून दिलं आहे."

"तुमचं नंतर बघू. मुलगी कोणती?"

जयवंता उभी राहिली.

"नाव कमी करा हिचं. दाखला देऊन टाका. बाकीच्यांना धाक बसतो." हे तुम्ही कसं म्हणालात माहीत आहे? चहाचा कप बशीत ठेवता ठेवता. "आणि मशीनला सील लावून ऑफिसात पाठवा. या शाळेला नको मशीन."

पुढं काय झालं ते चारुशीलानं ठरवून केलं असं म्हणता येणार नाही.

"साहेब, आधी उघडून पाहू या."

"काय गरज?"

"काय बिघडलं ते कळेल. पोरांनाही कळेल. शिकायचं म्हणजे हेच ना."

"बाई, मी सांगितलं, हात लावायचा नाही," गोपाळराव मधेच म्हणाले.

तिनं पिशवीतून पेचकस काढला. "जयवंता, ये इकडे."

जयवंता जागची हलली नाही. "बाई, तुम्ही चूप म्हनलं होतं."

"चुकलं माझं. ये."

पोरगी आली. तिनं पेचकस धरला, पहिला स्क्रू दोनदा सुटला. रविंद्र न विचारता पुढं आला आणि मशीन घट्ट धरून उभा राहिला. गोपाळराव "अगं, अगं" करत राहिले, पण अडवलं नाही त्यांनीही. वरची पट्टी निघाली.

"काय दिसते ते सांग," चारुशीला म्हणाली. "फक्त दिसते तेवढंच."

"मुंग्या. मेलेल्या." जयवंता वाकली. "पट्ट्याले चिकट लागलं आहे. कुंकू आहे, वाळलेलं. आन् हे..." तिनं दोन बोटांनी एक तंतू ओढून काढला आणि उजेडात धरला. "हे नारळाच्या शेंडीचं आहे."

"गूळ आहे का कुठं?" रविंद्रनं विचारलं.

"नाही. गूळ वर पडला असता. हे आतवर ओघळलं आहे. खालपर्यंत."

तुम्ही मशीनकडे एकदाही पाहिलं नाहीत, साहेब. तुम्ही चारुशीलाकडे पाहिलंत.

"रामटेके ना तुम्ही?"

"हो."

"कळतं मला तुम्हाला काय सिद्ध करायचं आहे ते."

आईनं ओसरीवर सांगितलं होतं ते हेच. शब्दसुद्धा फारसे वेगळे नव्हते. चारुशीलाला वस्ती दिसली, आई दिसली, नेमणुकीचा कागद दिसला.

बोलली ती जयवंता. "साहेब, आमच्या घरी बी पूजा राहते दसऱ्याले. मागाची. हळद-कुंकू लावते माय. पन बाबा नारळ उंबऱ्यावर फोडते. मागावर पानी नाही पडू देत. सूत कुजते म्हनते."

ती काही कुणाला शिकवत नव्हती. घरचं सांगत होती, शुक्रवारी सांगतात तसं.

गोपाळराव उठले. टेबलाला धरून उठले. "साहेब, मी... पाणी मीच वाहिलं होतं. धार धरली होती. मला वाटलं..." कव्हराच्या कडेची ती जरीची पट्टी ते बोटानं कुरवाळत राहिले. "पूजेनं वस्तू बिघडते असं मले कधी वाटलंच नाही हो."

"गोपाळराव, बसा." तुमचा आवाज मऊ झाला. वरच्या लोकांचा आवाज अशाच वेळी मऊ होतो. "पेन्शन जवळ आली तुमची. काय बोलताय याचं भान ठेवा. सरकारी मशीन पूजेमुळे बिघडली, असं मी वर लिहू? आणि ते शोधून काढलं कुणी, तर यांनी? उद्या पेपरात येईल. परवा मोर्चे निघतील. ते लिहिता येत नाही." तुम्ही खिशातून पेन काढलं. "विद्यार्थिनीच्या हाताळणीमुळे बिघाड. यात कुणाला त्रास नाही."

कुणाला त्रास नाही. जयवंता तिथंच उभी होती, तुमच्यापासून हातभर अंतरावर, बोटात तो तंतू धरून.

चारुशीलानं तिच्याकडे पाहिलं. पोरगी रडत नव्हती. तिला समजत नव्हतं. वर्गात एखादं वाक्य अडलं की जसं कपाळ आक्रसायची तसं आक्रसून ती तुमच्या पेनाकडे पाहत होती. आपण काढून दाखवलं, सगळ्यांनी पाहिलं, हेडसर स्वतः हो म्हणाले, तरी ते दुसरंच लिहितात. हे कसं? हे तिला शुक्रवारी कुणी शिकवलं नव्हतं. आणि आज हेच ती शिकून घरी जाणार होती, कांड्या भरायला.

मग चारुशीलाला आवाज फुटला. मोठा नव्हता. थोडा चिरका होता.

"साहेब, पेन जरा थांबवा. माझी नोकरी तुम्ही ठेवा, नका ठेवू, ते तुमच्या हातात आहे, त्यावर मी बोलत नाही. गोपाळराव सरांवर काही लिहा असंही म्हणत नाही. त्यांनी मुद्दाम केलं नाही, पोरांनासुद्धा ते कळलं आहे. पण मला एक समजावून सांगा. मला नका, या पोरीला सांगा, ती समोर उभी आहे. जे झालं ते लिहिता येत नाही म्हणता. मग जे झालंच नाही ते लिहिता येतं, ते कसं? कोणत्या नियमानं? तिनं हात लावला म्हणून? हात तर आत्ता तुमच्यासमोर लावला, आणि त्या हातानं काय बिघडलं ते शोधून काढलं. त्या हाताचं काय करायचं, साहेब? सांगा. आत्ता सांगा, वर्गासमोर."